सहावा डबा

१

त्या शुक्रवारी दुपारी आमच्या चाळीत औषधालाही माणूस नव्हता. सत्तावन्न साल होतं. मुंबई महाराष्ट्राची की कुणाची, यावाचून कुणाला दुसरं बोलणं सुचत नव्हतं, आणि शिवाजी पार्कला सभा होती. अख्खं लालबाग चालत दादरला गेलं. मीसुद्धा गेले, चूल विझवून, खाणावळीला कडी लावून. दिवेलागणीला घसे बसवून परतलो, तर आधी पोचलेली माणसं कोपऱ्यावरच्या नव्या चौथऱ्याभोवती गोळा झाली होती.

चौथऱ्यावरच्या काळ्या कडाप्प्यावर सहा नावं होती. सहावं कुणीतरी खरवडून काढलं होतं.

चौथरा कसला ते सांगते. आठ वर्षांमागे ऐन शिमग्यात आमच्या मागल्या गिरणीत बॉयलरच्या कोळशाचा ढीग कोसळला आणि कोळसाखात्यातली सहा माणसं त्याखाली मेली. गिरणीचं नाव घेत नाही, तिच्या फाटकावरून मला अजून रोज जावं लागतं. खाणीत मेला तर त्याला निदान खाणकामगार तरी म्हणतात. कापडाच्या गिरणीत कोळशाखाली मेलेल्याला काय म्हणायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून गिरणीने काहीच म्हटलं नाही. शेवटी आम्हीच ठरवलं. गवंडी चाळीतले, विटा चाळीतल्यांनी वाहिलेल्या, पाणी बायकांनी भरलेलं. शिवा पाथरवटाने अक्षरं कोरून त्यात पांढरा रंग भरला. रविवारी सकाळी पडदा बाजूला करायचा आणि घरच्या माणसांनी आपापल्या नावाला हार घालायचा, असं ठरलं होतं.

खरवडलेलं नाव राजाराम तावड्याचं. राजाराम म्हणजे शामराव मुकादमाचा धाकटा भाऊ. कोळसाखात्यात माणसं घ्यायची आणि लावायची ती शामरावने, आणि स्मारक समितीचा अध्यक्षही तोच. स्वतःच्या भावाचं नाव त्याने शेवटी घालायला लावलं तेव्हा लोक म्हणाले, काय हा मोठेपणा. आता तो त्या दगडावर तळवा ठेवून उभा होता आणि त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता.

मग मागून कुणीतरी म्हणालं, हे त्या वरळीच्या रमाबाईचं काम. आणि जमलेल्या दोनशे माणसांना एकदम सगळं समजलं.

२

रमाबाई गमरे बीडीडी चाळीत राहायची. नवरा धोंडू आमच्या गिरणीत बदली होता. बदली म्हणजे पहाटे फाटकावर उभं राहायचं, आणि कुणी गैरहजर असला की मुकादम ज्याच्याकडे बोट करील त्याने त्या दिवसापुरतं आत जायचं. ढीग कोसळला त्या दिवशी धोंडू घरून निघाला तो परत आलाच नाही. कुणी म्हणालं, बाई ठेवून पळाला. कुणी त्याला कल्याणला पाहिला, कुणी इगतपुरीला. रमाबाई एकटी म्हणत राहिली, माझा माणूस त्या ढिगाखाली आहे.

पण ढिगाखालून प्रेतं निघाली सहा. चेहरे ओळखण्यासारखे नव्हते. प्रत्येकाच्या कमरेला गिरणीचा पितळी बिल्ला होता, त्यावर नंबर. सहा प्रेतं, सहा बिल्ले, सहा नावं. सातव्याला जागा कुठे? धोंडूच्या नावाचा तर बिल्लाच नव्हता. लोक हसले. टाकलेली बाई अब्रू झाकते आहे, म्हणाले. लोकांत मीही होते, उगाच खोटं कशाला बोलू?

तरी हीच बाई महिनाभर वरळीहून चालत येऊन आमच्या चौथऱ्याला घमेली वाहत होती. रोज काम संपलं की समितीचे चिटणीस रामदासमास्तर, त्यांच्यापुढे उभी राहायची आणि सातवं नाव घाला म्हणायची. मास्तर शाळेत शिकवणारे, बोलणं मऊ. बाई, पुरावा आणा, म्हणायचे.

शुक्रवारी दुपारी सभेला निघता निघता दोघातिघांनी तिला दगडापाशी बसलेली पाहिली होती. झालं. रात्रीची जेवणं व्हायच्या आत तिला बोलावून आणली. ती घाबरली नाही. म्हणाली, "मला सातवं लिहायचंय. सहातलं एक पुसून माझ्या हाती काय येणार?"

मास्तरांनी मऊ आवाजातच सांगितलं, की रविवारी पडद्याआधी कबूल करा, नाहीतर आम्हाला चौकीवर जावं लागेल. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात तसंच मला ते दिसलं. शिवा पाथरवट दगडाशी उकिडवा बसून बोटं फिरवत होता. तो हळूच मला म्हणाला, "मावशी, हा टाकीचा घाव नाही. दात आहेत बघ, फणीसारखे."

ती सहाही माणसं माझ्या खाणावळीची होती, म्हणून मला झोप येईना. रोज सहा डबे गिरणीत जायचे, प्रत्येकाच्या कडीला वेगळ्या रंगाची चिंधी. राजारामची तांबडी. त्या दिवशी ढीग कोसळला तीनला, जेवणाची सुट्टी उलटून दोन तास झाल्यावर. संध्याकाळी डबे परत आले. पाच चाटूनपुसून रिकामे. तांबड्या चिंधीचा तसाच्या तसा भरलेला, झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

बांगडा उतरला असेल, वास आला असेल, म्हणून बिचारा उपाशी राहिला आणि उपाशी मेला, असं माझ्या मनाने घेतलं. चौकशीला माणूस आला, जेवले होते का सगळे, विचारायला. मी म्हटलं, हो, सगळे. माझ्या हातच्या जेवणाला नाव नको म्हणून. डबा मी स्वतः घासून टाकला होता.

दहाव्याला बाणगंगेवर राजारामच्या पिंडाला कावळा शिवेना. शामरावने हात जोडले, आणभाका घेतल्या, तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. मला वाटलं, माझ्या बांगड्याची वासना राहिली. आठ वर्षं ते मी मनात वागवलं.

३

शनिवारी सकाळी नारळ खवायला बसले तर खवणी चालेना. माझी खवणी जुनी. पाट ढिला झालाय, जोर लावला की पातं सुटून हातात येतं. पण दात तिचे असे, की चाळीस नारळ तासाभरात. त्या दिवशी खोबरं नुसतं चेंगरायला लागलं. पातं उजेडात धरलं. दात बोथट, त्यांच्या फटीत काळी पूड, आणि काळ्या पुडीत पांढऱ्या रंगाचे कण.

मी तशीच पदर खोचून कोपऱ्यावर गेले, पातं दगडाला लावलं. ओरखड्यांत दात बरोबर बसले. तिसरा दात अर्धा तुटलेला आहे, ती फटसुद्धा जिथल्या तिथे. सहावी ओळ टोकापासून टोकापर्यंत सावकाश खरवडली होती. पाचव्या ओळीच्या एका कान्यालाही धक्का नव्हता. रागाने केलेलं काम असं नसतं.

तिथेच मला हसू आलं, आणि मग लाज वाटली. रमाबाई सुटली होती. महिनाभर ती माझ्या दारावरून ये-जा करत होती, तहान लागली तर पाणी मी वरून ओतलं. माझ्या स्वयंपाकघरात तिचं पाऊल पडलं नव्हतं आणि माझी खवणी तिच्या हाताला लागणं या जन्मात शक्य नव्हतं. तिच्या बाजूचा साक्षीदार कोण, तर माझा विटाळ. हे मी मास्तरांना कोणत्या तोंडाने सांगणार होते?

परत येऊन हाताखालच्या लक्ष्मीला विचारलं, काल खवणी कुणाला दिलीस. ती भाताकडे बघत म्हणाली, सभेला निघण्याआधी चंपावहिनी घेऊन गेल्या, आज पहाटे आणून ठेवली.

चंपा म्हणजे राजारामची विधवा.

४

आता कोण ते कळलं आणि काहीच कळलं नाही. नवऱ्याचं नाव दगडावर आलं तर बायकोला धन्य वाटायला हवं. ती ते कशाला पुसेल?

चंपा शामरावच्याच बिऱ्हाडात राहायची. नवरा होता तोवर ती गावी होती, म्हणून तर तो माझ्याकडे जेवायचा. तो गेल्यावर शामरावने तिला मुंबईला आणली, कांडीखात्यात लावून दिली. पांढरं कपाळ, खाली मान. वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला, ती बोटीने गावी जायची. जाताना माझ्याकडून सुकट न्यायची आणि समोरच्या दुकानातून विड्यांची पुडकी. सासऱ्याला लागतात, म्हणायची.

मला पहिला संशय आला तो शामरावचा. वाटलं, त्यानेच भावजयीकडून पुसवलं असेल, रमाबाईवर ढकलायला. म्हणून त्याच्याकडे गेले. मुकादम बाकड्यावर बसला होता, रात्रभर डोळा लागलेला दिसत नव्हता. मी म्हटलं, वाईट झालं. तो म्हणाला, रविवारच्या आत नाव पुन्हा कोरलं गेलंच पाहिजे, शिवाला सांगितलंय, नाही ऐकला तर दुसरा पाथरवट आणतो. हे त्याने तीनदा सांगितलं. पुसवणारा माणूस पुन्हा कोरायला इतका उतावीळ होत नाही, तेव्हा त्याच्यावरचा तो संशय मी सोडून दिला.

उठता उठता तो स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला, की त्रेपन्न साली वडील गेले तेव्हापासून घरचं बरंवाईट सगळं माझ्याच डोक्यावर आहे, वहिनी.

मी जिना उतरले आणि मधल्या पायरीवर थांबले. त्रेपन्न साली वडील गेले. मीच गेले होते समाचाराला, शामरावने मिशी काढली होती ती डोळ्यांपुढे आली. मग गेली चार वर्षं चंपा विड्या कुठल्या सासऱ्याला नेत होती?

५

दुपारी डबे घासायला बसले. घासताना डोकं चालतं माझं, हात गुंतलेले असले म्हणजे.

डबा न उघडणारा राजाराम. आता सुचलं ते आठ वर्षांपूर्वी का सुचू नये? राजाराम म्हणजे बांगड्याचं डोकं चोखून काट्यांचा ढीग करणारा माणूस. बांगडा उतरलेला असता तर बाकीच्या पाचांनी चाटूनपुसून खाल्ला नसता, माशाचा टोप एकच होता. तेव्हा बांगड्यात दोष नव्हता. जेवायची सुट्टी होऊन दोन तास उलटलेले, डबा समोर, आणि झाकण उघडलेलं नाही. भुकेला माणूस डबा उघडत नाही कधी? तो त्याचा नसला म्हणजे.

आणि शिमगा. राजाराम दर शिमग्याला गावच्या पालखीला जायचा, रजा मिळो न मिळो. पालखी खांद्यावर घेतली नाही असं एकच वर्ष, ते म्हणजे तो मेला ते वर्ष. असं आम्ही आठ वर्षं धरून चाललो होतो.

मी हात धुतले, समोरून विड्यांचं एक पुडकं घेतलं आणि शामराव बाहेर पडलेला बघून वर गेले. चंपा तांदूळ निवडत होती. मी पुडकं तिच्यापुढे धरलं. म्हटलं, यंदा शिमग्याला जाशील तेव्हा ने, मामंजींना माझ्याकडून.

तिने हात पुढे केला. पुडक्याला बोटं लागली आणि तिथेच राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं.

"मामंजी जाऊन चार वर्षं झाली ना गो, चंपा?" मी म्हटलं. "मग विड्या कोण ओढतो?"

सूप तिच्या मांडीवरून खाली आलं, तांदूळ सगळीकडे झाले. ते गोळा करायलाही ती वाकली नाही.

६

मग ती बोलली. आठ वर्षं साठलेलं होतं, एकदा तोंड उघडल्यावर मला काही विचारावं लागलं नाही.

त्या शिमग्याला राजारामला रजा मिळाली नव्हती. तो आदल्या दिवशी एकट्या शामरावला सांगून पहाटे बोटीवर चढला. गैरहजेरी लागली असती तर कामावरून गेला असता, म्हणून शामरावने फाटकावरच्या धोंडू गमऱ्याला बोट केलं, भावाचा बिल्ला त्याच्या कमरेला लावला आणि राजाराम म्हणून आत घेतला. हे माहीत होतं शामरावला आणि खात्यातल्या पाचांना. दुपारी तीनला त्या पाचांचीही तोंडं बंद झाली.

प्रेत निघालं, बिल्ला राजारामचा. साहेबाने शामरावला विचारलं, हा तुझा भाऊ का. नाही म्हटलं तर एकाच्या बिल्ल्यावर दुसरा आत घेतला म्हणून नोकरी जाणार आणि वर तुरुंग. शामरावने हो म्हटलं. संध्याकाळी गावी तार गेली. दुसऱ्या दिवशी बोट विजयदुर्गला लागली तेव्हा म्हातारा बाप बंदरावर उभा होता. मुलाला त्याने घरी नेलंच नाही, परस्पर घाटावर धाडला. तेव्हापासून राजाराम लाकडी कोळशाच्या भट्टीवर दुसऱ्या नावाने राबत होता. चंपा वर्षातून दोनदा त्याला भेटायची.

आणि दगडाचं? बुधवारी घाटावरून माणूस निरोप घेऊन आला होता, की तो रक्त ओकतोय. गुरुवारी दगड बसला. शामरावने तिला तिथे नेऊन बोटाने शेवटची ओळ दाखवली, वाचता येत नाही म्हणून, आणि सांगितलं, रविवारी हार इथे घालायचा.

"बांगड्या फोडल्या, मावशी. कपाळ पुसलं. दहावं, बारावं, सगळं बघितलं," ती म्हणाली. "पण जित्या नवऱ्याच्या नावाला माझ्या हाताने हार? ते माझ्याच्याने होईना."

बाणगंगेवरचा कावळा आम्हा सगळ्यांपेक्षा शहाणा ठरला होता. एक बाई नवरा जिवंत असताना विधवा म्हणून राहिली होती. दुसरी नवरा मेलेला असताना टाकलेली म्हणून राहिली होती. एका बिल्ल्याने दोघींची कपाळं बदलली आणि ते आठ वर्षं आमच्या डोळ्यांपुढे चाललं.

७

वरळीला पोचले तेव्हा रमाबाई नळावर कपडे धूत होती. गेल्या दसऱ्याला ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. घरात देव नव्हते, एक तसबीर होती. मी सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, डबा सोडून सगळं.

ती बराच वेळ ओलं लुगडं पिळत राहिली, पाणी निघायचं थांबलं तरी. मग म्हणाली, "आज मी विधवा झाले, बाई. बरं वाटलं."

तीच पुढे बोलली. त्या दिवशी घरात पीठ नव्हतं, तो चहावर निघाला होता. पण आदल्या दिवशी मुकादमाने सांगून ठेवलं होतं म्हणे, उद्या काम आहे आणि वर डबाही मिळेल. तो खुशीत गेला. "तेवढं एक बरं झालं," ती म्हणाली. "पोटभर जेवून गेला." मी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

आम्ही दोघी एकत्र लालबागला आलो. संध्याकाळी समिती बसली, सहा घरची माणसं होती. मी उभी राहून खवणीपासून तारेपर्यंत सगळं मांडलं, खवणी कुणाकडे नव्हती तेही सांगितलं. शामरावने एक शब्द नाकारला नाही. तो म्हणाला, भावाला जिवंतपणी जाळून मी जगलो, आणखी काय शिक्षा देणार ती द्या. मग म्हणाला, पण नाव बदललंत तर गिरणी पहिली विचारणार, आणि उद्या माझ्या हाताखालची सगळी बदली माणसं फाटकाबाहेर असतील.

मी म्हटलं, ते मला कळत नाही. तिथे धोंडू गमरे मेलाय, धोंडू गमरे कोरा.

शेवटी लवू सावंत बोलला. त्याच्या मुलाचं नाव दगडावर पहिलं होतं. साधा माणूस, मुंगीलाही न दुखवणारा. तो म्हणाला, "वाईट झालं तिचं. पण माझ्या पोराच्या दगडावर ते नाव नको."

चार माना हलल्या. कोळशाखाली सहाजण एकमेकांच्या अंगावर पडलेले सापडले होते, ते ह्याच माणसांनी बाहेर काढले होते. रमाबाई दारातच उभी होती. तिला आत बस असं कुणी म्हटलं नव्हतं, मीसुद्धा.

मी मास्तरांकडे पाहिलं. म्हटलं, हा शिकलेला आहे, सभेत समतेचं बोलतो. मास्तरांनी चष्मा पुसला. "मावशी, कोळसा उगाळावा तितका काळाच. आज आपल्यात फूट दिसली तर मुंबई घालवून बसू. आधी मुंबई मिळू दे. मग हे सगळं बघू."

मी म्हटलं, "मुंबई मिळेल, मास्तर. पण ती कुणाला मिळणार, ते मला आज कळलं."

रमाबाईवरचा आरोप तेवढा त्यांनी मागे घेतला, उपकार केल्यासारखा. आणि सहाव्या ओळीवर तोड काढली. मास्तरांनीच शब्द शोधला, तो कोणालाच बोचला नाही.

८

रविवारी सकाळी पडदा बाजूला झाला. पाच नावं, आणि सहाव्या ओळीत, ताज्या पांढऱ्या रंगात: व इतर.

शिवाने पहाटे कोरलं होतं. मला बघून त्याने मान फिरवली. मग जवळ येऊन पुटपुटला, "अक्षर हलकं मारलंय, मावशी. कधी बदलायचं झालं तर नाव बसेल." झांजा वाजल्या. मास्तर छान बोलले, कष्टकऱ्यांची एकजूट म्हणाले. पाच हार पडले. सहावा हार अध्यक्षांनी घातला.

चंपा तिथे नव्हती. ती आदल्या दिवशीच ट्रंक घेऊन भाऊच्या धक्क्याला निघाली होती. जिन्यात मला भेटली तेव्हा कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. शेजारणी म्हणाल्या, दुःखाने डोकं फिरलं बिचारीचं.

गर्दी पांगली. रमाबाई दगडापुढे आली. तिलाही वाचता येत नव्हतं. तिने मला विचारलं, काय लिहिलंय त्याचं. मी वाचून दाखवलं. तिने सहाव्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं आणि चालायला लागली.

मी तिच्यामागे गेले. आता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही, एवढं मला कळत होतं. खाणावळीच्या दाराशी तिला थांबवलं आणि सांगितलं. डबा परत आला होता. भरलेला. तो जेवला नव्हता. त्याने उघडला नाही, की माझ्या खाणावळीच्या भांड्याला हात लावू नको म्हणून त्या पाचांनी उघडू दिला नाही, हे सांगायला सहांतला एकही उरला नाही. आणि मी सगळे जेवले म्हणून चौकशीच्या माणसाला खोटं सांगितलं. त्या दिवशी खरं बोलले असते तर राजारामचा डबा का उघडला नाही, असं कुणीतरी विचारलं असतं. आठ वर्षांपूर्वीच.

तिने ऐकून घेतलं. राग दिसला नाही. आधार सुटल्यावर माणसाचं तोंड होतं तसं झालं होतं.

"काय होतं डब्यात?" तिने विचारलं.

मला आठवत होतं, विसरणार कसं? भात, बांगड्याचं तिखलं, दोन चपात्या, सणाचे दिवस म्हणून पुरणाची एक पोळी.

मी दार पूर्ण उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, रमाबाई, आत ये, चुलीपाशी बस, मी वाढते, माझ्याबरोबर जेव.

ती उंबऱ्यापर्यंत आली. आत मांडलेल्या पाटाकडे तिने पाहिलं, चुलीवरच्या टोपाकडे पाहिलं.

"भूक त्याला होती, बाई," ती म्हणाली, आणि वरळीच्या रस्त्याला लागली.